खोलीवर राहून शिकणाऱ्यांचा स्वयंपाक: कळणा, दाळ, दाणे आणि एक कुकर

दादर_ज्वारी

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही खोली करून एम.एस्सी., एम.ए., पीएच.डी. करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. सुट्या पाककृती सगळीकडे सापडतात. इथे हिशेब मांडू: एका माणसाला महिन्याला काय आणि किती लागतं, ते कशात शिजवायचं, आणि कमी पैशात अंगी लागेल असं कसं खायचं. रुपये मुद्दाम लिहीत नाही, भाव हलते असतात. वजनं देतो, आपापल्या दुकानाचा भाव लावून आकडा काढा.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पैसे वाचवायचे म्हणून पोरं दाळ पातळ करतात, दाणे आणणं बंद करतात आणि भात वाढवतात. दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते, मग संध्याकाळी कचोरी, पाववडा, नाहीतर शेवभाजीचं पार्सल. महिनाअखेरीला पैसे तिथेच गेलेले असतात. दाळ, दाणे आणि कळण्याचं पीठ (ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं) यांत हात आखडू नका. काटकसर तेलात, तयार मसाल्यांच्या पुड्यांत आणि बाहेरच्या खाण्यात करा.

दोन्ही वेळा घरी जेवणाऱ्या एकाचा महिन्याचा शिधा असा धरा. कळण्याचं पीठ पावणेसात ते सात किलो (दिवसाला तीन भाकरी, एका भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ). तांदूळ सव्वादोन किलो. दाळी मिळून दोन किलो, त्यात तूर एक किलो, बाकी मूग, सालाची उडीद, मसूर, ज्या महिन्याला जी परवडेल ती. शेंगदाणे एक किलो. तेल पाऊण किलो. बेसन अर्धा किलो, गूळ अर्धा किलो. कांदे चार किलो, लसूण पाव किलो. दूध रोज पाव लिटर, भाजी रोज पाव किलो, केळी रोज दोन.

याची बेरीज दिवसाला २१०० ते २२०० कॅलरी आणि ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं अशी येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. पावडरचा डबा आणायची गरजच पडत नाही. यातली २८ ग्रॅम नुसत्या भाकरीतून येतात, कारण पीठ कळण्याचं आहे.

कळण्याचं प्रमाण: दादर ज्वारी ४ किलो, अख्खे काळे उडीद १ किलो, मेथीदाणे ५० ग्रॅम (नको असतील तर सोडा). उडीद निवडून, ओल्या फडक्याने पुसून, उन्हात कडक वाळवून मगच ज्वारीत मिसळा. दळण बारीक पाहिजे. उडीद वाढवून ३ ला १ केलं तर भाकरी जड आणि चिवट होते. ६ ला १ केलं तर कळण्याची चव राहत नाही. ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात जे कमी पडतं ते ज्वारी भरून काढते. एकाच भाकरीत दोन्ही जमतं.

पांझराकाठ

हिशेब पटला. दळणाबद्दल दोन गोष्टी जोडतो.

पाच किलो एकदम दळू नका. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत कडवट व्हायला लागतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. शिवाय जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. धान्य मिसळून डब्यात ठेवा आणि अडीच-तीन किलोच गिरणीवर न्या. दोघं-तिघं मिळून दळण केलं तर पीठ ताजं राहतं.

दुसरं, कळण्यात दळतानाच खडेमीठ घालायची पद्धत आहे. घरी मोठं कुटुंब असलं, पीठ आठवड्यात संपत असलं तर ते ठीक. खोलीवर पावसाळ्यात मीठ ओल धरतं, पीठ गोळे होतं आणि लवकर खराब होतं. जून ते सप्टेंबर मीठ भाकरीच्या पाण्यात घाला, पिठात नको.

नवीन_खोली

दादा, कळण्याची भाकरी तव्यावर टाकतानाच मोडते. आणि आमच्याकडे इंडक्शन आहे, जाळ नाही. भाकरी फुगतच नाही. काय करावं?

तवा_परात

मोडायचं कारण जवळपास नेहमी तेच असतं: पाणी थंड आणि मळणं कमी. गव्हात जे चिकटपण असतं ते ज्वारीत नाही. गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. कळण्यात उडदाचा बुळबुळीत अंश असतो म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा ती नवख्या हाताला सोपी जाते. शिकणाऱ्याने कळण्यापासूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन.

दोन भाकरींना पाऊण ते एक वाटी कडकडीत पाणी जवळ ठेवा. १५० ग्रॅम पिठात मधे खळगा करा, अर्धं पाणी ओता, चमच्याने कालवा, झाकून दोन मिनिटं ठेवा. हाताला सोसेल इतकं झालं की बाकीचं पाणी थोडं थोडं शिंपडत तळहाताच्या टाचेने परातीत रगडा. तीन-चार मिनिटं तरी रगडायचं. गोळा दाबला की कडेला भेग पडली नाही पाहिजे. पडली तर एक चमचा पाणी आणि अजून एक मिनिट. दोन्ही भाकरींचं पीठ एकदम भिजवलं तरी रगडताना एकेक गोळा घ्या, दुसरा पडून राहिला की सुकतो.

परातीत कोरडं पीठ भुरभुरवून थापा. मधे जाड आणि कडेला पातळ झाली की कडा करपतात, मधे कच्ची राहते. हात मधून कडेकडे न्या आणि भाकरी सारखी फिरवत राहा. फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे.

तवा आधी चांगला तापलेला हवा, पाण्याचा थेंब टाकला की लगेच नाचत उडून गेला पाहिजे. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लागलीच हाताने किंवा फडक्याने वर पाणी फिरवा, कडेपर्यंत. पाणी पूर्ण सुकू द्यायचं नाही. वरची चकाकी जाते आणि ओलसरपणा अजून बोटाला लागतो, तेव्हा उलटा. उशीर केला तर भेगा पडतात, वाफ तिथून निघून जाते आणि मग काही केलं तरी फुगत नाही. दुसरी बाजू पूर्ण भाजू द्या, तपकिरी ठिपके आले पाहिजेत. मग पुन्हा उलटून पहिली बाजू. गॅस असेल तर ही शेवटची पायरी थेट जाळावर. इंडक्शनवर तवा ठेवूनच घट्ट घडी केलेल्या सुती फडक्याने कडेने दाबत जा, वाफ मधे सरकते आणि पदर सुटतो. टम्म फुगली नाही तरी पदर सुटला की भाकरी शिजलेली असते.

इंडक्शनवर तवा लोखंडी घ्या, बूड सपाट पाहिजे. खोलगट गावठी तव्याची मधलीच जागा तापते. पहिली भाकरी १२०० वॅटवर, तवा पूर्ण तापल्यावर ८०० ते १००० वर आणा.

वीज_आणि_गॅस

इंडक्शनचा विषय निघालाच आहे तर सुरक्षेचं लिहितो. भाड्याच्या खोल्यांत फार दुर्लक्ष होतं याकडे.

खोलीतला नेहमीचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट, त्याहून जास्त त्यातून ओढायचं नाही. इंडक्शन १६०० ते २००० वॅटचं असतं. ते मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारा अडॅप्टर आणि बारीक वायरचं एक्स्टेंशन, या दोन्हींनी पिन काळी पडते, प्लास्टिक वितळतं, आग लागते. खोली बघतानाच मोठा सॉकेट आहे का ते पाहा. नसेल तर मालकाला सांगून बसवून घ्या किंवा इंडक्शन ८०० ते १००० वॅटवरच चालवा.

वीज किती? १५०० वॅटवर वीस मिनिटं म्हणजे अर्धं युनिट. दोन वेळचा स्वयंपाक मिळून दिवसाला एक युनिट धरा, महिन्याला तीस. सबमीटरवर मालक कोणता दर लावतो ते आधी विचारा, गॅस की वीज हे त्यावर ठरवा.

भांडी लोहचुंबक लावून घ्या. बुडाला चिकटला तरच ते इंडक्शनवर चालतं. साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही.

गॅस हवा असेल तर कंपन्यांचा ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एकट्याच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला साधारण महिनाभर पुरतो. दुकानात मोठ्या सिलिंडरमधून बारक्या टाकीत भरून देतात तो गॅस घेऊ नका. ते बेकायदा आहे, आणि त्या टाक्यांची तपासणी झालेली नसते. अधिकृत सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटलेली असेल तर घेऊ नका, बदलून मागा.

आणि ज्या वसतिगृहात खोलीत स्वयंपाकाला बंदी आहे तिथे लपवून इंडक्शन चालवू नका. तिथलं वायरिंग त्या हिशेबाने केलेलंच नसतं.

गिरणाकाठची

सकाळी प्रयोगशाळेत नऊला पोचायचं असेल तर पस्तीस-चाळीस मिनिटांत दुपारचा डबा असा होतो.

तीन लिटरचा कुकर, त्यात बसणारे दोन डबे. रात्री झोपताना ७० ग्रॅम दाळ धुऊन पाण्यात टाका. सकाळी कुकरच्या बुडाला दोन बोटं पाणी, खाली दाळीचा डबा (दाळीच्या तिप्पट पाणी, हळद, दोन थेंब तेल), वर तांदळाचा डबा (७५ ग्रॅमला दुप्पट पाणी). चार शिट्ट्या. तोवर भाजी चिरून कढईत. कुकर आपोआप उतरेपर्यंत भाजी होते. मग दाळ घोटा, फोडणी द्या. अर्धी दाळ दुपारच्या डब्यात, अर्धी रात्रीला.

डब्यात भात आणि दाळ वेगळी न्यायची नसेल तर सरळ खिचडी करा. आपल्याकडची खिचडी म्हणजे आजाऱ्याचं अन्न नव्हे. ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम तूरदाळ, मूठभर शेंगदाणे, अर्धा कांदा, हळद, तिखट, मीठ, काळा मसाला अर्धा चमचा, पाणी सगळ्याच्या अडीच ते तीन पट. तीन शिट्ट्या. वरून दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण लाल करून, त्यात सुकी मिरची मोडून ती फोडणी ओता. लसूण सोनेरी झाला की गॅस बंद, पुढे गेला की कडू होतो. हे एकट्याचं एक जेवण. सोबत ताक किंवा कढी आणि भाजलेल्या बिबड्याचा (ज्वारीच्या पापडाचा) तुकडा.

नवीन_खोली

ताई, आमच्या खोलीवर बोअरचं पाणी आहे. तूरदाळ सहा शिट्ट्या करूनही गणंग राहते.

गिरणाकाठची

पाणी जड आहे. पाण्यातलं कॅल्शियम दाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतं, म्हणून दाळ फुटत नाही. जुनी दाळ असेल तर आणखी हट्टी. दाळ भिजवायला आणि शिजवायला प्यायचं पाणी वापरा, रोज अर्धा लिटरच लागतं. तासभर गरम पाण्यात भिजवा. टोमॅटो, चिंच, आमसूल दाळ शिजल्याशिवाय घालू नका, आंबटाने ती आणखी आवळते. मीठही नंतरच. सोडा टाकला की दाळ गळते हे खरं, पण त्यातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, रोजच्या दाळीत सोडा नको. इतकं करूनही शिजली नाही तर तूर सोडून मूग किंवा मसूर घ्या, त्या जड पाण्यातही लवकर शिजतात.

अमळनेर_गाडी

भाजी नाही त्या दिवशीचं लिहा कोणीतरी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेच लागतं.

दादर_ज्वारी

डुबुकवडे. भाजीवाल्याकडे जायचीच गरज नाही.

आधी वाटण. तीन मध्यम कांदे उभे चिरून तव्यावर थेंबभर तेलात काळपट होईपर्यंत भाजा, ७५ ग्रॅम सुकं खोबरं वेगळं लाल करा, लसणाचा एक अख्खा गड्डा, आल्याचा तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या. कमीत कमी पाण्यात वाटा. चार चमचे तेलात हे वाटण आणि तीन चमचे काळा मसाला मंद आचेवर परता. कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं, घाई केली तर रश्शाला कच्च्या कांद्याचा वास राहतो आणि वाटण टिकत नाही. फ्रिज असेल तर आठवडाभर चालतं, चार-पाच रस्से होतात. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात एका दिवसापुरतंच करा. त्याऐवजी सुकं खोबरं, लसूण, दाणे, तिखट, मीठ यांची कोरडी चटणी कुटून ठेवा. ती टिकते आणि रश्शालाही दाटपणा देते.

एका माणसाला दोन चमचे वाटण, दीड ग्लास गरम पाणी, मीठ. खळखळ उकळू द्या. ६० ग्रॅम बेसनात तिखट, ओवा, मीठ, ठेचलेला लसूण आणि बेताचं पाणी घालून असं घट्ट भिजवा की चमच्यावरून पडताना तुटक पडावं, धार लागू नये. उकळत्या रश्शात बोटांनी छोटे छोटे वडे सोडा. तीन मिनिटं चमचा लावायचा नाही, झाकणही अर्धवट. वडे तरंगून घट्ट झाले की हलवा, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. रश्शात वडे विरघळले तर एकतर रस्सा उकळत नव्हता, नाहीतर पीठ पातळ होतं. ६० ग्रॅम बेसनात तेरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात.

शेवभाजीत हाच रस्सा आणि तुरखाटी (जाड, तिखट) शेव. शेव तळलेली असते, तेलही महाग आणि शेवही, म्हणून आठवड्यातून एकदा. माणशी ४० ग्रॅम शेव पुरते आणि ती ताटात वाढतानाच टाकायची.

तापी_पूर्णा

कुरडईची भाजीही करता येते. चार-पाच कुरडया कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून पिळायच्या, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायच्या. घरून आणलेल्या कुरडया वर्षभर असतातच. पण ती सगळी गव्हाच्या चिकाची, म्हणजे स्टार्चच. पोट भरतं, प्रथिनं जवळजवळ नाहीत. दोन चमचे दाण्याचा कूट घाला आणि सोबत घट्ट दाळ ठेवा.

ठेच्याचंही तेच सांगेन. नुसता मिरची-लसणाचा ठेचा आणि भाकरी हे जेवण पुरत नाही. दहा मिरच्या, आठ पाकळ्या लसूण यांना मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून ठेचा. दाणे भाजण्याआधी निवडा: सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे दाणे फेकून द्या आणि भाजल्यावर एखादा कडू लागला तर थुंका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजल्याने पूर्ण जात नाही, ते यकृताला वाईट.

सातपुडा_पायथा

भाजी ऋतूप्रमाणे घ्या, एवढ्यानेच खर्च उतरतो. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, वांगी, मुळा, पातीचा कांदा स्वस्त. उन्हाळ्यात पालेभाजी महाग आणि कोमेजलेली. तेव्हा कच्ची केळी, कांदा, मोड आलेली मटकी, सुकवलेली भाजी यांवर भागवा. आठवडी बाजारात उठायच्या वेळी भाव पडतात, पण पालेभाजी तोवर गळालेली असते. संध्याकाळी कांदा, बटाटा, दुधी, कोबी घ्या, पालेभाजी सकाळीच.

नंदुरबार, शहादा, तळोद्याकडून आलेल्या मुलामुलींनी एक बघावं. सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. भोजन आणि निवासासाठी रक्कम खात्यात येते. ती हप्त्याने येते, महिन्याच्या पगारासारखी नाही. हप्ता आला की आधी ज्वारी, तूर, उडीद, तांदूळ भरून ठेवा. नवी तूर आणि दादर बाजारात येते तो काळ, फेब्रुवारी-मार्च ते एप्रिल, धान्य भरायला सगळ्यांत बरा. तिघं-चौघं मिळून दाणाबाजारातल्या ठोक दुकानात एकदम घेतलं तर किरकोळीपेक्षा कमी पडतं.

पांझराकाठ

धान्य भरायचं तर किडीचंही लिहायला हवं. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर दोन दिवस पातळ पसरून कडक वाळवा, सावलीत पूर्ण थंड झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. गरम भरलं की आत घाम धरतं आणि बुरशी येते. तूरदाळीला किलोला एक छोटा चमचा एरंडेल चोळा, वापरताना गरम पाण्याने धुवा.

धान्यात टाकायची गोळी, जिला गावाकडे सल्फास म्हणतात, ती खोलीवर अजिबात नको. ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. बंद खोलीत धान्याशेजारी झोपणाऱ्याचा जीव जातो. घरून गोणी आली आणि तिच्यात गोळी टाकलेली आहे असं कळलं तर ती खोलीत घेऊच नका.

अमळनेर_गाडी

मेस की स्वतः? दोन्हीकडून बोलणारे भेटतात.

गिरणाकाठची

महिन्याचा दर बघून ठरवू नका, प्रत्यक्ष जेवणाचा दर काढा. आधी विचारा: खाडे धरतात का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं. सलग तीन-चार दिवसांचेच खाडे धरणारी मेस असेल तर रविवारी गावी जाणाऱ्याला काहीच वजा मिळत नाही. महिन्याची रक्कम भागिले खरोखर जेवलेली जेवणं, हा खरा दर. मग ताटातली दाळ बघा. पळीभर पाणी आणि खाली चार दाणे असतील तर ते स्वस्त नाही.

संशोधन करणाऱ्याला दुपारी मेस आणि रात्री घरची भाकरी-दाळ हे जास्त झेपतं. सकाळचा वेळ वाचतो. पण परीक्षा किंवा प्रबंधाच्या महिन्यात रात्रीचा स्वयंपाक सुटतो, तेव्हा दाणे-गूळ, उकडलेली अंडी, केळी खोलीत असूच द्या.

मेहरुण_बोर

मुलींसाठी खास लिहिते. लोह कमी असण्याची अडचण फार जणींना असते. भाकरी, मेथी, मसूर, गूळ खातो तरी हिमोग्लोबिन वाढत नाही, कारण वनस्पतींतलं लोह अंगात कमी शोषलं जातं. जेवणात अर्धं लिंबू पिळा किंवा आवळ्याचा तुकडा, पेरूची फोड घ्या, क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा नको, किमान तासभर थांबा. रक्त तपासून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या घ्याच, नुसत्या आहारावर राहू नका.

अंडी खात नसाल तर दूध, दही, ताक सोडू नका. बी-१२ धान्य-भाजीतून मिळत नाही.

दूध परवडत नसेल त्या महिन्यात सोयाबीनच्या वड्या आणा. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, थंड पाण्यात टाका, दोनदा घट्ट पिळा. पिळलं नाही तर तो उग्र वास रश्शात उतरतो. पण त्यांनी बी-१२ ची कसर भरत नाही, तेवढं ताक चालू ठेवा.

नवीन_खोली

फ्रिज नाही. उन्हाळ्यात सकाळची दाळ रात्री आंबते.

तवा_परात

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४३-४४ डिग्री असते. त्या हवेत दाळ-भात चार-पाच तासांवर भरवशाचा राहत नाही. गरम अन्नाचा डबा बंद करू नका. वाफ आत राहते आणि त्याच ओलाव्यात ते आंबतं. ताटात पसरून, जाळी झाकून आधी निववा. उन्हाळ्यात दाळ दोन वेळची शिजवली तरी फोडणी एकाच वेळची द्या. उरलेली साधी दाळ दुपारी पुन्हा खळखळ उकळून, झाकण न उघडता ठेवा आणि रात्री खाण्याआधी परत उकळा. खोबऱ्याचा, कांद्याच्या वाटणाचा रस्सा मात्र उरवूच नका.

भाताला हा उपाय चालत नाही. उबेत राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीचा बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन खाणं उन्हाळ्यात बंद. लागेल तेवढाच लावा, कमी पडला तर भाकरी आहेच. कळण्याची भाकरी निववून सुती फडक्यात गुंडाळली की दुसऱ्या दिवशीही चांगली राहते, ताक आणि चटणीबरोबर न्याहारी होते.

कोथिंबीर, मेथी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवा. एक दिवस जास्त मिळतो.

तापी_पूर्णा

केळीचं राहिलं. अख्खी फणी घेताना अर्धी पिवळी, अर्धी हिरवट बघून घ्या. उन्हाळ्यात पूर्ण पिकलेली डझन घेतली तर दोन दिवसांत काळी पडते. जास्त पिकलेली दोन केळी कुस्करून त्यात गूळ, चिमूटभर मीठ आणि बसेल तेवढी कणीक घालून तव्यावर जाड धिरडी घाला. पाणी घालू नका, केळ्याचा ओलावा पुरतो.

अमळनेर_गाडी

इंडक्शनवर भरीत होतं का? हिवाळा तोंडावर आहे, वांगी स्वस्त होतील.

दादर_ज्वारी

पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर इंडक्शनवर येणार नाही, एवढं धरूनच करा. बाकी चव जमते.

वांगं हिरवट-पांढरं, मोठं, भरिताचंच घ्या. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, त्यात बिया कमी आणि गर मऊ. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांगं जून असतं, बियांचं. अर्धा किलोचं एक वांगं दोघांना पुरतं.

उभं चिरून दोन भाग करा, गरावर सुरीने आडव्या-उभ्या खोल रेषा पाडा, मीठ आणि चमचाभर तेल चोळा. लोखंडी तव्यावर गराची बाजू खाली, वर घट्ट झाकण, ८०० वॅटवर दहा मिनिटं. मग साल खाली करून आणखी आठ-दहा मिनिटं. गर पूर्ण बसला पाहिजे, मधे कडक राहिला तर भरीत धाग्याधाग्याचं होतं. साल काढून गर चाळणीत पाच मिनिटं ठेवा, पाणी निथळतं. ते तसंच राहिलं तर भरीत सैल पडतं.

त्याच तव्यावर आठ-दहा हिरव्या मिरच्या, दहा पाकळ्या लसूण थोड्या तेलात भाजून जाडसर ठेचा, गरात घालून कालवा. कढईत तीन चमचे तेल, जिरं, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, एक जुडी पातीचा कांदा (पात शेवटी), मग गर. पाच-सात मिनिटं परता, कडेने तेल दिसायला लागलं की झालं. इथे तेलात हात आखडला तर भरीत कोरडं लागतं, आठवड्यात एक दिवस चालतं.

चौघं असाल आणि वेळ नसेल तर भरीत सेंटरवर किलोच्या हिशेबाने तयार भरीत मिळतं. अर्धा किलो आणून भाकरी घरी थापल्या तरी हॉटेलच्या चार ताटांपेक्षा पुष्कळ कमी पडतं. आणताना तेल वर तरंगतंय ते बघा, ते वाटीत काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या दाळीच्या फोडणीला वापरा.